मार्थाबाईंना शत्रू हवा होता

चौथीनंतर माझं नाव शाळेतून काढलं आणि त्या दिवसापासून मी मोठी झाले, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं. मीही धरलं. मग धाकट्या भावंडांचं करणं, लग्न, वैधव्य, पुण्यात लोकांच्या घरी पोळ्या लाटून शिरीषला शिकवणं यात वर्षं गेली. राहिलेलं लहानपण कुठे ठेवलंय ते माझं मलाच आठवेना. ते सापडलं साठी उलटल्यावर, सिंगापूरला, पासिर रिसमधल्या आमच्या इमारतीच्या खाली, सिमेंटच्या टेबलावर मेथी निवडताना. म्हणून माझ्या वाढीच्या दिवसांबद्दल लिहायचं झालं तर मला तेच दिवस लिहावे लागतात. तेव्हा माझे केस पिकले होते आणि गुडघे वाजत होते. पण वाढ म्हणतात ती झाली तेव्हाच.

शिरीष पाया लेबारला एका बँकेच्या कॉम्प्युटरचं काम बघायचा. मृणाल, माझी सून, हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत हिशेबाच्या खात्यात होती. दोघं सकाळी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, जायची ती दिवे लागल्यावर यायची. नात ईरा पहिलीत होती. ती घरातून गेली की नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये मी आणि आवाज. लिफ्टमधली बाई प्रत्येक मजल्याचं नाव गोड आवाजात सांगायची. समोरच्या इमारतीत कोणीतरी रोज पियानोचा तोच तुकडा वाजवायचं आणि त्याच जागी चुकायचं. आणि कोकीळ. आपल्याकडे कोकीळ ओरडली की माणसं खूश होतात, तिथे ती बारा महिने ओरडते आणि लोक तक्रार करतात. मला त्या कोकिळेबद्दल फार वाटायचं. तिची निदान तक्रार तरी होत होती.

माझी कधी झाली नाही. मी मुळातच बोलणारी नाही. दुकानात कोणी मागून आलं तर मी त्याला पुढे जाऊ देते, आजही. घरात मी म्हणायचे ते एवढंच: वाढू का, आणखी घे, दार लावलंस का. तर त्या वर्षी होळीला मी पुरण वाटत होते आणि मृणाल तिच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मैत्रिणीच्या सासूबाई आलेल्या होत्या आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मृणाल म्हणाली, "आमच्या आईंचं तसं काही नाही गं. त्या असल्या काय, नसल्या काय, कळतसुद्धा नाही." हे तिने कौतुकाने म्हटलं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वाक्य कानात शिरताना कौतुक बाहेरच राहिलं आणि नुसतं वाक्य आत आलं. मी पुरण वाटून संपवलं आणि अबोला धरला.

माझ्या माहेरी भांडणं अशीच व्हायची. आई आणि काकू एकाच चुलीवर स्वयंपाक करायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. पण तासाभरात घराला कळायचं. पुरुष हळू चालायचे. मुलं निरोप्याचं काम करायची, "काकूला सांग, मीठ घातलंय." चार दिवसांनी कोणीतरी मोठं माणूस मध्ये पडायचं, मग एकजण रडायची, दुसरी डोळ्यांना पदर लावायची आणि मिटायचं. अबोल्याचा उपयोग असतो तो इतकाच, की समोरच्याने विचारावं, "का गं, बोलत का नाहीस?" तेवढ्यासाठी सगळा खटाटोप.

मला कोणी विचारलंच नाही. मी "वाढू का" म्हणायचं सोडलं आणि पळी पातेल्यावर वाजवू लागले, तर सगळे पळी ऐकून जेवायला येऊ लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे प्राणी बघायला गेलो, दिवसभर मी मृणालशी एक अक्षर बोलले नाही, आणि रात्री ती शिरीषला म्हणाली, "आज आई किती एन्जॉय करत होत्या." तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं. दिवाळीनंतर तिथे राहायचा माझा पास संपत होता. तोवर या घरात कोणी एकदा जरी विचारलं, की आई, बोलत का नाही, तर पास वाढवू द्यायचा. नाहीतर संगमनेरला धाकट्या बहिणीकडे जायचं आणि तिच्या अंगणात बसून मरायचं. असल्या काय नि नसल्या काय, तर नसलेलं बरं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार कशी? अबोला होता.

अशा दिवसांत मार्थाबाई भेटल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं ही नर्स आहे. घोट्यापर्यंत राखाडी झगा, पायात कापडी बूट, पांढऱ्या केसांवर जाळीची पांढरी टोपी पिनांनी बसवलेली. गोरीपान, ऐंशीच्या पुढची. त्या उकाड्यात ती शेजारच्या टेबलावर बसून पेन्सिलीने काहीतरी लिहायची आणि लिहिलेलं स्वतःलाच पुटपुटून दाखवायची. मी मान खाली घालून मेथी निवडत होते. ती उठून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "मेथी भाजी?"

माझ्या हातातली जुडी खाली पडली.

त्यांचे वडील छत्तीसगडात मिशनच्या दवाखान्यात महारोग्यांचे डॉक्टर होते. मार्थाबाई तिथेच जन्मल्या आणि थोड्या मोठ्या होईपर्यंत तिथेच वाढल्या, मग कॅनडाला गेल्या. त्यांची हिंदी त्या वयावर थांबलेली होती. टॅक्सीला त्या "सवारी" म्हणायच्या आणि एमआरटीला "रेलगाड़ी". आता लेकीची नोकरी सिंगापुरात होती म्हणून तिच्याकडे, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. त्या मेनोनाइट होत्या. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. ख्रिस्ती लोकांतला तो एक पंथ आहे. ते लढाईवर जात नाहीत, साधे कपडे घालतात आणि शपथ घेत नाहीत. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, त्याला वर देवाची साक्ष कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा सवयीने "आईशप्पथ" म्हटलं, तर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "माँ ने क्या बिगाड़ा है?"

आणि त्या मुलांची पुस्तकं लिहायच्या. सगळी पुस्तकं गोमती नावाच्या एका गाढवीची. कॅनडातली मुलं गोमती नाव घेत लहानाची मोठी झाली म्हणे. पहिल्या पुस्तकांवर मार्थाबाईंचं नावच नव्हतं, कारण आपलं नाव मोठ्या अक्षरात छापणं म्हणजे गर्व, असं वडिलांना वाटायचं. पुढे नाव आलं ते मागच्या पानाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं. त्यांच्या गोष्टींत कोणी कोणाला मारत नसे, लांडगा विहिरीत पडत नसे, कोल्ह्याची शेपटी कापली जात नसे. मी विचारलं, "मग गोष्ट संपते कशी?"

"मुश्किल से," त्या म्हणाल्या.

त्यांचा लिहिण्याचा एक नियम होता. जे आपण स्वतः केलेलं नाही, ते मुलांना करा म्हणून सांगायचं नाही. ते खोटं बोलण्यासारखंच. गोमती आपली गोधडी दुसऱ्याला देते ते पुस्तक लिहिताना त्यांनी ऐन हिवाळ्यात स्वतःची गोधडी देऊन टाकली आणि न्यूमोनियाने आजारी पडल्या. गोमती मिळेल ते कुरकुर न करता खाते त्या पुस्तकापायी सगळ्या घरादाराने महिनाभर उकडलेले सलगम खाल्ले. त्यांचे यजमान त्या महिन्यात फार वेळा बाहेरगावी गेले, हेही त्यांनी सांगितलं, कारण त्या काही लपवत नसत.

आता एकच पुस्तक राहिलं होतं. त्यांच्या देवळात पवित्र जेवणाच्या आधी बायका जोडीजोडीने एकमेकींचे पाय धुतात. घमेलं, पाणी, टॉवेल. कोणाशी भांडण असेल तर ते आधी मिटवून यायचं. शेवटच्या पुस्तकात गोमती, तिला चावलेल्या कोल्हीचे पाय धुणार होती. चित्रं काढणारी मुलगी तिकडे थांबली होती. पण मार्थाबाईंचं घोडं, म्हणजे गाढव, अडलं होतं. त्यांनी जन्मभर मैत्रिणींचे पाय धुतले होते. शत्रूचे कधीच नाही. कारण त्यांना शत्रूच नव्हता.

"इंदु बहन, अस्सी साल हो गए," त्या म्हणाल्या, "एक भी नहीं मिला."

त्यांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. मात्र आपण होऊन कोणाचं वाईट करायचं नाही, ते पाप. समोरच्यानेच आपलं बिघडवायला हवं. म्हणून त्या संधी देत हिंडायच्या. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवायला जागा धरायची तर तिथे टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवतात. मार्थाबाई ऐन दुपारच्या गर्दीत पाकीट ठेवून लांब जाऊन उभ्या राहायच्या, की कोणीतरी ते ढकलून बसेल. कोणी बसायचं नाही. एकदा एक तरुण मुलगा तर त्या पाकिटाजवळ राखण करत उभा राहिला आणि त्या आल्यावर म्हणाला, "आँटी, यू सिट, आय बाय यू कोपी." कोपी म्हणजे तिथली कॉफी. लिफ्टमध्ये त्या मुद्दाम दाराशी उभ्या राहायच्या, की कोणी ढकलेल. लोक पुढच्या लिफ्टची वाट बघायचे. वरच्या मजल्यावरची मलाय बाई बांबूवर ओले कपडे वाळत घालायची, त्याचं पाणी एकदा त्यांच्या कोरड्या चादरीवर पडलं. मार्थाबाई आनंदाने घमेलं घेऊन वर निघाल्या, तेवढ्यात तीच बाई केळीच्या पानातल्या गोड वड्या घेऊन माफी मागायला खाली आली. "बहुत अच्छी थीं," मार्थाबाई दुःखाने म्हणाल्या. वड्या म्हणायच्या होत्या की बाई, ते मी विचारलं नाही.

मग एक दिवस त्यांनी माझा हात धरला. "तुम मेरा कुछ बिगाड़ दो."

मला जन्मात कोणाला नाही म्हणता आलेलं नाही. मी बरं म्हटलं. घरी आल्यावर प्रश्न पडला. वाईट करायचं म्हणजे काय करायचं? दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसले. त्या माझ्या जागेवर बसल्या आणि म्हणाल्या, इथून झाड छान दिसतं. मी थर्मासमधल्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्या सगळा चहा प्यायल्या, कारण मिळेल ते कुरकुर न करता घ्यायचं हे त्यांचं आधीच लिहून झालं होतं. त्यांना एकदा वाट बघायला लावावी म्हणून मी खाली गेलेच नाही, तर त्या सूप घेऊन नवव्या मजल्यावर आल्या, मी आजारी असेन म्हणून. सूप आळणी होतं. मी त्यात मीठ घालून प्याले.

शेवटी मला येत होतं ते एकच हत्यार मी काढलं. त्यांच्याशी अबोला धरला. समोर बसायचे, शेंगा सोलायचे, तोंडातून शब्द नाही. त्याही शांत बसायच्या, लिहायच्या, मधूनच माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवायच्या. आठवडा असा गेला. अखेर मीच हरले. माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "बाई, मैं झगडा कर रही हूँ."

"अच्छा? कब से?"

"सोमवार से."

त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. त्यांच्यात गप्प बसणं हा चांगला गुण, त्यामुळे त्यांना वाटलं होतं आमची मैत्री पुढच्या पायरीवर गेली. मी त्यांना अबोला म्हणजे काय ते समजावलं. त्या ऐकता ऐकता फुलत गेल्या. एवढं मोठं भांडण आणि कोणाला खरचटतसुद्धा नाही! त्यांच्या लोकांना पाचशे वर्षांत हे सुचलं नाही, असं म्हणाल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "और किसी से किया है?"

मी शेंगा सोलत होते. "बहू से," मी म्हटलं. "होली से."

"उसको पता है?"

मी नकाराची मान हलवली. मग संगमनेरचंही सांगितलं, दिवाळीचंही. हिंदीत सांगितलं म्हणून सांगता आलं. मराठीत मी ते कोणापुढे बोलले नसते. मार्थाबाईंनी टोपीची पिन नीट केली आणि म्हणाल्या की हा शत्रू त्यांचा नाही, माझा आहे. आणि पाय मीच धुवायचे आहेत.

सासूने सुनेचे पाय धुवायचे! वाचणाऱ्याला, म्हणजे कोणी वाचलंच तर, हे किती उलटं आहे ते मी सांगायला नको. आमच्याकडे जावयाचे धुतात, सवाष्णीचे धुतात, तेही धुणारी सवाष्णच लागते, मी तीही नाही. पण मार्थाबाई रोज विचारायच्या, धुतले का? आणि मृणाल तर खरंच दमून यायची. तिच्याकडे हिशेबतपासणीचे दिवस होते, टाचांच्या बुटांनी तिचे पाय सुजायचे, सोफ्यावर बसली की ती ते आपल्याच हातांनी दाबायची. ते दिसायचं मला. अबोला तोंडाचा होता, डोळ्यांचा नव्हता.

तोंडाने सांगायची सोय नव्हती, म्हणून मी कोमट पाण्याचा टब तिच्यासमोर नेऊन ठेवला आणि बाजूला उभी राहिले. मृणालने आधी टबाकडे, मग वर एसीकडे बघितलं. "शिरीष, एसी परत गळतोय," म्हणाली आणि टब तिथेच ठेवून आत गेली. दुसऱ्या दिवशी ठेवला तर ईराने त्यात सगळे डायनोसॉर पोहायला सोडले. तिसऱ्या दिवशी मी मृणालची वाट बघत टबाशी बसले होते, तर आधी शिरीष आला. "वा, आई!" म्हणाला, मोजे काढले आणि पाय टबात घालून डोळे मिटून बसला. मी धुतले. काय करणार, पोटचा आहे.

मी मार्थाबाईंना म्हटलं, तुम्हीच चला, माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्या आल्या. खांद्यावर टॉवेल, हातात घरचं घमेलं. दार मृणालने उघडलं.

"येस, आँटी?"

"नमस्ते बेटी. पैर धोने आए हैं."

मृणालने वळून आत हाक मारली, "शिरीष, तू कोणाला मसाजला बोलावलंयस का?"

"नाही गं. ऑफर असेल काहीतरी."

"मग आईंना विचार, ह्या त्यांच्या ओळखीच्या आहेत का." मी होकाराची मान हलवली. "काय म्हणतायत त्या?"

मी गप्प. मार्थाबाई आत येऊन सोफ्यावर नीट बसल्या आणि म्हणाल्या, "यह नहीं बोलेंगी. यह तुमसे लड़ रही हैं. होली से."

शिरीष हसायला लागला. "नो नो आँटी, कुछ गलतफहमी है. माझी आई कोणाशी भांडत नाही."

"मैं झूठ नहीं बोलती," मार्थाबाई म्हणाल्या, आणि अशा म्हणाल्या की त्याचं हसणं तिथेच राहिलं.

मृणाल माझ्याकडे वळली. "आई, खरंय हे? होळीपासून?" मी खाली बघितलं. "म्हणजे माझ्याही आधीपासून?"

"तुझ्या आधी म्हणजे?" मी म्हटलं.

होळीनंतर तिच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

"मी गणपतीपासून बोलत नाहीये तुमच्याशी!" मृणालचा आवाज एकदम चढला. "एवढा व्हिडिओ लावून लावून मोदकाच्या पाकळ्या शिकले मी. ऑफिसातली माणसं यायची होती दर्शनाला. आणि आंघोळ करून येते तर सगळे मोडून परत वळलेले!"

"सगळे नाही. फुटले होते तेवढेच."

"सगळेच फुटले होते, आई!" तिचे डोळे भरले. "मग मी म्हटलं, आता बोलायचंच नाही. बघू विचारतात का. एकदा तरी विचारलंत? नुसती पळी वाजवायची. मला वाटलं, मी असले काय, नसले काय, यांना कळतसुद्धा नाही."

ते वाक्य तिने होळीला कोणाबद्दल म्हटलं होतं ते तिला आठवतही नव्हतं. मी तिला सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. एका घरात दोन अबोले चालू होते, समोरासमोर, एकाच टेबलावर जेवत होते, आणि दोघींनाही वाटत होतं दुसरीला काही पडलेलं नाही.

"म्हणजे हे सगळे महिने..." शिरीष म्हणाला. "मला वाटत होतं तुमचं काय छान जमतंय. मी ऑफिसात सांगतो सगळ्यांना."

ईरा खाली फरशीवर चित्र रंगवत होती. मान वर न करता, तिथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "पापा, बोथ नेव्हर टॉक. 'आजीला सांग', 'मम्माला सांग'. ओन्ली मी टॉक. सो टायर्ड, लाह."

पुढचं सगळं आमच्या न्हाणीघरात झालं. ते एवढंसं, त्यात कपडे धुवायचं मशीन, आणि त्यात आम्ही तिघी. मृणाल पाय पुढे करेना. "आई, तुम्ही माझे पाय धुवायचे? माझ्या आईला कळलं तर मला मारून टाकेल ती." मी म्हटलं, मग तू माझे धुणार का, आठवडाभर दमलेली. यावर आमचं पुन्हा वाजलं, पण या वेळी तोंडाने. मार्थाबाई टॉवेल धरून दारात उभ्या. त्या म्हणाल्या, त्यांच्यात एकीने एकीचे धुवायचे नसतात, दोघींनी दोघींचे. मी मृणालचे धुतले. तिच्या टाचेला बुटाने सोलवटलं होतं, तिथून मी हात हळूच नेला. मग लाल प्लास्टिकच्या स्टुलावर ती मला बसवून खाली बसली. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी नवऱ्याचे पाय धुतलेले मी पाहिले होते. माझे पाय आजवर कोणी हातात घेतले नव्हते, डॉक्टर सोडून. मृणालची बोटं तळव्याला लागली आणि मला गुदगुल्या झाल्या. मी हसले. मोठ्याने. थांबताच येईना.

बाहेरून शिरीष धावत आला. "कोण हसतंय?" मुलाने माझं हसणं ओळखलं नाही. त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

दिवाळीनंतर पास वाढवला. चिवडा मृणालने केला, तो जरा जळला, मी हात लावला नाही. संगमनेरच्या बहिणीला अजून माहीत नाही की तिच्या अंगणात मी मरायला येणार होते. मात्र मार्थाबाईंचं पुस्तक तसंच अडून होतं. मी म्हटलं, आता तर झालं ना, लिहा की. त्यांनी मान हलवली. "मैंने तो टॉवेल पकड़ा था."

त्यानंतरच्या वर्षभरात मी जेवढं बोलले तेवढं आधीच्या सगळ्या आयुष्यात बोलले नसेन. मार्थाबाईंशी हिंदीत, मृणालशी मराठीत, ईराशी जे काही असेल त्यात. मी हॉकर सेंटरवर एकटी जाऊन टोस्ट मागवून खाल्ला. मोठ्या बाईसारखी. आणि मग एका सकाळी मटार सोलताना मार्थाबाई सहज म्हणाल्या, लेकीची बदली झाली, पुढच्या महिन्यात कॅनडाला परत. म्हणाल्या आणि पुन्हा लिहायला लागल्या.

मी मटार तिथेच ठेवून वर आले. मला राग आला होता. असा राग मला कधी आला नव्हता, नवरा गेला तेव्हा देवाचाही नाही. ही बाई येते, माझं तोंड उघडते, आणि निघून जाते. आता मी कोणाशी बोलू? मी त्या दिवशी खाली गेले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. मी उघडलं. उघडताना मी कधीच काही बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण मार्थाबाई उंबऱ्यातच थांबल्या, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "बात बंद है?"

ज्या प्रश्नासाठी मी मार्चपासून दिवाळीपर्यंत घरात पळ्या वाजवल्या, तो त्यांनी मी तोंड न उघडताच विचारला. मी भिंतीकडे वळले.

"सचमुच वाली?"

मी वळले नाही. मागून कापडी बूट काढल्याचा आवाज आला, मग न्हाणीघरातला नळ. त्यांनी मला दंडाला धरून लाल स्टुलावर बसवलं आणि खाली गुडघे टेकले. ते इतके वाजले की मला वाटलं मशीन चालू झालं. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, टोपीची जाळी दिसत होती आणि जाळीतून पातळ केस. त्या सावकाश धूत होत्या, बोटांच्या मधूनसुद्धा, जशी ईरा लहान असताना मी तिचे धुवायचे. मी राग धरून ठेवला. पाणी गार झालं तरी धरून ठेवला. त्यांना तो पुस्तकासाठी लागणार होता.

पाय पुसून झाल्यावर दोघींनी उभं राहून एकमेकींची गळाभेट घ्यायची असते. पण मार्थाबाईंना उठता येईना. मी हात द्यायला गेले तर ओल्या पायांनी घसरून त्यांच्याशेजारीच बसले. मग मलाही उठता येईना. ईरा शाळेतून येईपर्यंत आम्ही दोघी न्हाणीघरात फरशीवर, मशीनला टेकून बसलो होतो. अबोला तिथेच सुटला. आधी कोण बोललं ते आठवत नाही. ऐंशी वर्षांनी मिळालेला शत्रू कसा वाटतो असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "भारी है. और साबुन बहुत लगता है."

पुस्तक पुढच्या वर्षी पोस्टाने आलं. मार्थाबाई आता नाहीत. ते पुस्तक माझ्या उशाशी आहे, ईरा कॉलेजात गेली तरी मी ते तिला नेऊ दिलेलं नाही. त्यात गाढवी वाकून कोल्हीचे पाय धुतेय आणि कोल्ही लाल प्लास्टिकच्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बसली आहे. ईराने पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "आजी, दिस वन इज यू, लाह." मग तिने मला शेवटचं पान वाचून दाखवलं. कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात मार्थाबाईंचं नाव आहे, आणि त्याच्या खाली, तेवढ्याच अक्षरात, "माझी शत्रू इंदू हिला."

मृणाल आल्यागेल्याला ते पान उघडून दाखवते. म्हणते, बघा, आमच्या आईंचं नाव छापून आलंय.